मुंबईतला ज्यू वारसा वॉक: रिबेका रूबेन बाईंसाठी कराच

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे, कारण मी स्वतः शाळेत शिकवते आणि इथे विषय रिबेका रूबेन ह्या जुन्या काळच्या मुख्याध्यापिकेचा आहे, त्यामुळे 'छान होता, जरूर जा' एवढं लिहून माझं समाधान होणार नाही. तर हा मुंबईतल्या बेने इस्राएल म्हणजे आपल्या मराठी ज्यू लोकांच्या जागा दाखवणारा रविवार सकाळचा वॉक आहे. चालवणाऱ्या बाई त्याच समाजातल्या, सत्तरीच्या, रिटायर्ड शिक्षिका, सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्यांची वेबसाइट नाही, इन्स्टा नाही, नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी निक्षून सांगितलंय म्हणून नाव नंबर काहीच देत नाही, तोंडोतोंडीच कळतं, कळलं की सोडू नका. माणशी ७०० रुपये, त्यात चहा आणि थोडं खाणं, प्रवास आपापला. पैसे समाजातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याला जातात, आणि ते त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, स्वतःहून नाही.

मी बरेच हेरिटेज वॉक केलेत, आणि बहुतेक ठिकाणी इमारत कुणी बांधली, किती खर्च आला, काचा कुठून आणल्या, शैली कुठली हेच ऐकायला मिळतं. म्हणजे देणगी कुणी दिली ते कळतं, पण त्या चार भिंतीत रोज सकाळी येऊन काम कुणी केलं ते कोणी सांगत नाही. हा वॉक मला आवडला तो ह्याच्यासाठी की टीचर निदान अर्धा वेळ तरी माणसांबद्दल बोलतात, आणि माझी तक्रार पण तीच आहे की अर्धाच वेळ बोलतात.

सुरुवात काळा घोडा भागातल्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगपासून, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. १८८४ ची इमारत, जेकब ससून कुटुंबाने बांधलेली, २०१९ साली तिचं मोठं रिस्टोरेशन झालं आणि आता आतलं सगळं लखलखीत आहे. रंगीत काचांमधनं सकाळचं ऊन जमिनीवर पडतं तेव्हा फोटोवाले वेडे होतात, आमच्या ग्रुपमधले पण झाले. सुंदर आहे ह्यात वादच नाही. पण हे ससून म्हणजे बगदादी ज्यू, व्यापारी, एकोणिसाव्या शतकात इराककडनं आलेले. बेने इस्राएल वेगळे, ते कोकणातले, अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश वाढला अशी त्यांची परंपरेतली गोष्ट. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणायचे. केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर अशी गावावरनं आडनावं. घरात मराठी. हा फरक टीचरनी पहिल्या दहा मिनिटांत समजावून सांगितला आणि तो समजला नाही तर पुढचं काहीच नीट लागत नाही, त्यामुळे उशिरा पोचू नका.

तिथून मशीद बंदरकडे, सॅम्युएल स्ट्रीटवरचं शाअर हाराहमीम, मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं. सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपू सुलतानच्या कैदेत सापडले आणि सुटून परत आले तर देवाचं घर बांधीन असा नवस बोलले. आता जी वास्तू दिसते ती १८६० ची. आजूबाजूला घाऊक बाजार, हातगाड्या, गोण्या, आणि आत शिरलं की एकदम गार आणि शांत. मधोमध उंच कठड्याचा चौथरा, तिथे उभं राहून हझान प्रार्थना म्हणतो, वर बायकांची गॅलरी, आणि तोराच्या म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेलं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, कारण आपल्याकडनं यरुशलेम पश्चिमेला पडतं. मला हे इतकं साधं आणि इतकं बरोबर वाटलं, आयुष्यभर ऐकलेलं की ते पूर्वेला तोंड करतात, अरे पण ते युरोपातले. इथे रविवारी पण ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत, २००८ च्या हल्ल्यानंतर सगळ्याच सिनेगॉगना बंदोबस्त आहे, तेव्हा आधार बरोबर ठेवा आणि पोलिसांशी हुज्जत घालू नका.

मग भायखळा. मागेन डेव्हिड सिनेगॉग, घड्याळाच्या मनोऱ्याचं, डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात बांधलेलं आणि १९१० साली वाढवलेलं. त्याच आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान आहेत, आवाराच्या एका कोपऱ्यात हिब्रू कोरलेली भिंत आणि समोर मुलं क्रिकेट खेळतायत. इथे टीचर थांबल्या, सगळ्यांना सावलीत बसवलं आणि म्हणाल्या, आता दगड पुरे, आता मास्तर.

पहिले मास्तर जोसेफ इझिकेल राजपूरकर, जन्म १८३४. डेव्हिड ससून यांनी काढलेल्या शाळेत ते शिक्षक झाले, पुढे हेडमास्तर, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. आणि ह्या माणसाने शाळा सांभाळून हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली. म्हणजे विचार करा, कोकणातनं मुंबईत आलेला माणूस, गोदीत किंवा पलटणीत किंवा रेल्वेत नोकरी, हिब्रू अक्षर येत नाही, पण मराठी वाचता येतं, तो सिनेगॉगमध्ये उभा राहून आपण काय म्हणतोय हे पहिल्यांदा समजून म्हणू शकला ते राजपूरकर मास्तरांच्यामुळे. ज्यू कीर्तनं पण त्याच काळातली, मराठीत, आपल्या हरिदासी कीर्तनाच्या पद्धतीने, फक्त आख्यान अब्राहमचं किंवा मोशेचं. टीचरनी दोन ओळी म्हणून दाखवल्या, आवाज आता थकलाय पण ताल पक्का.

दुसरे हाईम सॅम्युएल केहीमकर. सरकारी नोकरी करून आयुष्यभर समाजाच्या शिक्षणाच्या मागे लागलेले. १८५३ मध्येच भावांना आणि मित्रांना घेऊन शिक्षणासाठी संस्था काढली आणि १८७५ साली इस्रायलाइट स्कूल सुरू केलं, मराठी, इंग्रजी आणि हिब्रू शिकवणारं. त्यासाठी पैसे मागत फिरले, परदेशातल्या ज्यू संस्थांना पत्रं लिहिली, मदत आणली. समाजाचा इतिहास पण लिहून ठेवला, हस्तलिखित १८९७ मध्ये तयार होतं आणि पुस्तक छापलं गेलं १९३७ साली तेल अवीवला, म्हणजे ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. सणांची कोकणातली मराठी नावं त्यात सापडतात, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. स्वतःच्या खिशातनं, नोकरी सांभाळून, स्वयंसेवक म्हणून शाळा उभी करणारा माणूस आपल्याकडे गावोगाव होऊन गेला, कर्वे सगळ्यांना माहीत असतात, केहीमकर मात्र मला स्वतःला, मराठीची शिक्षिका असून, नीट माहीत नव्हते.

आणि मग माझगाव, आणि ज्यांच्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहितेय त्या रिबेका रूबेन बाई.

केहीमकरांनी काढलेली ती शाळाच पुढे माझगावात सर एली कदूरी हायस्कूल झाली. कदूरी हे हाँगकाँग शांघायचे बगदादी ज्यू उद्योगपती, त्यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचं नाव. नाव योग्यच आहे, पैसे लागतातच, इमारत हवेत उभी राहत नाही. पण १९२२ पासून १९५० पर्यंत, सलग २८ वर्षं, ह्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. जन्म १८८९, मृत्यू १९५७. शाळा पुण्याच्या हुजूरपागेत. हुजूरपागा १८८४ मध्ये सुरू झाली, मुलींना हायस्कूलपर्यंत शिकवायचं म्हणजे काय प्रकरण होतं तेव्हा ते वेगळं सांगायला नको. आणि १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत ही मुलगी पहिली आली. मुलींमध्ये नव्हे, सगळ्यात पहिली, आणि असं पहिलं येणारी ती पहिली मुलगी. तेव्हाची मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक म्हणजे सिंधपासून गुजरात महाराष्ट्र करत धारवाडपर्यंतची मुलं एका परीक्षेला बसायची. त्या सगळ्यांच्या वर हुजूरपागेतली एक बेने इस्राएल मुलगी, वय सोळाच्या आसपास.

मला इथे जरा थांबायचंय, कारण आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने विचारलं की मग त्या कलेक्टर बिलेक्टर का नाही झाल्या, आणि टीचरनी उत्तर द्यायच्या आधी माझ्याच तोंडून निघालं की त्या काळात बाईला ते दारच नव्हतं. पण टीचर जे म्हणाल्या ते जास्त बरोबर होतं. त्या म्हणाल्या, दार नव्हतं हे खरंच, पण त्यांना शिकवायचंच होतं, दुसरं काही मिळालं नाही म्हणून त्या शाळेत आल्या असं समजू नका. डेक्कन कॉलेजला शिकल्या, इंग्लंडला जाऊन शिकवण्याचं रीतसर ट्रेनिंग घेतलं, आणि इतकं शिकून परत येऊन जिथे गरज होती तिथे उभ्या राहिल्या. पहिल्या नंबरचं माणूस शाळेत शिकवायला येतं ही गोष्ट आज किती दुर्मिळ झालीय ते आम्हा शाळेतल्या लोकांना विचारा. आमच्याकडे हुशार मुलीला अजून पण सांगतात की तू कशाला बीएड करतेस. मला वाटतं ह्या एका गोष्टीसाठी तरी रूबेन बाईंचं नाव प्रत्येक बीएड कॉलेजात घेतलं पाहिजे.

शाळेत येण्याच्या आधीच, १९१७ च्या सुमारास, त्यांनी बेने इस्राएल समाजाचं वार्षिक काढलं, इयर बुक, स्वतः संपादन केलं. पंचविशी ओलांडलेली एक बाई समाजाची माहिती गोळा करतेय, लोकांच्या मागे लागून लेख लिहून घेतेय, छापतेय. ज्याने कुणी शाळेचं साधं स्नेहसंमेलनाचं अंक काढायचं काम अंगावर घेतलंय त्याला कळेल की ह्यात किती दारं ठोठावावी लागतात आणि किती जण 'देतो देतो' म्हणून देत नाहीत. ह्याचे कोणी पगार देत नाही. समाजाचं काम म्हणजे हेच असतं, मिटिंगा आणि भाषणं नंतर.

आणि पुस्तकं. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी त्यांनी अशोक रीडर्स नावाची क्रमिक पुस्तकं लिहिली. पाठ्यपुस्तक लिहिणं हे जगातलं सगळ्यात कमी कौतुकाचं लेखन आहे असं माझं ठाम मत आहे, मुलं त्याच्यावर मिशा काढतात, वर्ष संपलं की रद्दीत, लेखकाचं नाव कुणी वाचत नाही. पण एक चांगला धडा किती मुलांच्या डोक्यात आयुष्यभर राहतो. जी भाषा घरात कोणी बोलत नाही ती पहिल्या इयत्तेपासून भीती न घालता कशी शिकवायची हा प्रश्न मला रोज पडतो, आणि तो प्रश्न घेऊन शंभर वर्षांपूर्वी एक बाई माझगावात बसल्या होत्या हे ऐकून मला, काय सांगू, सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

ती २८ वर्षं पण कुठली होती बघा. १९२२ ते १९५०. मिठाचा सत्याग्रह, बेचाळीसची चळवळ, मधे महायुद्ध. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, मांडवीपर्यंत आग पसरली, ही सगळी माझगावच्या शेजारचीच वस्ती. १९४६ चं नौदलाचं बंड, ४७ ला फाळणी आणि स्वातंत्र्य, ४८ ला इस्रायलची स्थापना. युरोपात ज्यूंचं जे झालं त्याच्या बातम्या त्याच काळात मुंबईत येत होत्या, १९३४ साली इथे जर्मनीतनं आलेल्या निर्वासितांना मदत करायला संस्था सुद्धा निघाली होती. आणि ह्या सगळ्यात रोज सकाळी शाळेची घंटा वाजवायची, हजेरी घ्यायची, फी माफीचे अर्ज वाचायचे, परीक्षा वेळेवर घ्यायच्या. कोविडमध्ये आम्ही दोनच वर्षं शाळा कशीबशी ओढली तर आमची काय हालत झाली, त्यामुळे मला ह्या यादीकडे बघून नुसतं 'केवढा इतिहास' असं वाटत नाही, मला दिसतं ते मुख्याध्यापिकेचं टेबल आणि त्यावरचे कागद.

१९४८ नंतर तर समाजच हलायला लागला. एकेकाळी वीसेक हजारांच्या घरात असलेले बेने इस्राएल, त्यातले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले, आज भारतात सगळे ज्यू धरून पाच हजारांच्या आसपास असतील नसतील. महाराष्ट्राने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो पण इतक्या उशिरा. टीचर म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी बिल्डिंगमध्ये शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे दाराआडनं दिसायचे आणि आता त्या मजल्यावर त्या एकट्याच. बेअरशेबा, दिमोना, अश्दोद ह्या गावांत मात्र अजून मराठी ऐकू येते, तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक पण निघालं. शाळेत जी मराठी पक्की झाली ती तिकडे टिकली. कदूरी शाळेत आज सगळ्या धर्मांची मुलं शिकतात, आणि मला ह्यात दुःखाचं काही वाटलं नाही. शाळा ज्यासाठी काढली ते काम चालूच आहे, मुलं बदलली.

हुजूरपागेवरनं एक गोष्ट टीचरनी आवर्जून सांगितली ती पण लिहिते. डॉक्टर जेरूशा झिराड, त्याच समाजाच्या आणि साधारण त्याच वयाच्या, त्या पण पुण्यातच शिकलेल्या, इंग्लंडहून स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन आल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली पद्मश्री. अशाच बायकांनी १९१३ च्या सुमारास समाजात स्त्री मंडळ उभं केलं. आणि पुढच्या पिढीतल्या मीरा महादेवन, मूळच्या बेने इस्राएल घरातल्या, त्यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेश सुरू केलं, साइटवर तंबू टाकून पाळणाघर. कवी निसीम इझिकेल सगळ्यांना माहीत असतात पण त्यांची आई मराठी शाळा चालवायची आणि ते स्वतः मिठीबाईत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवायचे, हे किती जणांना माहीत असतं. एवढासा समाज आणि त्यात एवढे शिकवणारे, सांभाळणारे. मला तर वाटतं ससूनांच्या इमारती वॉकमधून काढल्या तरी चालतील इतकं हे बाकीचं भरलेलं आहे. बरं, काढू नका, पण कमी करा.

आता तक्रारी, कारण चांगल्या गोष्टीच्या तक्रारी सांगितल्याच पाहिजेत नाहीतर ती सुधारत नाही. पहिली आणि मोठी, माझगावला फारच कमी वेळ मिळतो. काळा घोड्याला फोटोंमध्ये जवळजवळ तास गेला, भायखळ्याला पोचेपर्यंत ऊन चढलं, आणि रूबेन बाईंबद्दल ऐकायची वेळ आली तेव्हा निम्मे लोक घड्याळ बघत होते आणि दोघं तिघं तर टॅक्सी करून निघून पण गेले. ज्या बाईंसाठी माझ्या मते हा वॉक व्हायला हवा त्या सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत. क्रम उलटा करा असं मी टीचरना तिथेच सांगितलं, आधी माझगाव, मग भायखळा, मग मशीद, आणि काळा घोडा शेवटी ज्याला हवं त्याने. त्या म्हणाल्या लोक फोटोसाठीच येतात ग, आधी शाळा दाखवली तर कोणी येणारच नाही. मला नाही पटलं. फोटोसाठी आलेला माणूस पण सकाळच्या ताज्या डोक्याने ऐकेल, दुपारी नाही ऐकणार.

दुसरी, रविवार असल्याने शाळा बंद असते त्यामुळे बाहेरूनच बघायचं, रस्त्यावर उभं राहून, हॉर्न चालू, मागच्यांना ऐकूच येत नाही. शनिवारी करता येत नाही कारण शब्बाथ, ते बरोबरच आहे. पण मधल्या कुठल्यातरी सुट्टीच्या दिवशी शाळेची परवानगी काढून आतलं दाखवलं तर किती फरक पडेल. शाळा बाहेरनं बघून कळत नाही, वर्ग बघावा लागतो. तिसरी, हातात काहीच देत नाहीत, एक साधी झेरॉक्स, नावं आणि सालं लिहिलेली, एवढं तरी हवं. मी वही नेली होती म्हणून हे सगळं लिहितेय, बाकीचे घरी गेल्यावर विसरले असणार. मी टाइप करून देते म्हटलंय, त्यांनी हो म्हटलंय, बघू.

खाण्याचं सांगायचं राहिलं. माझगावला एका ओळखीच्या घरी चहा, काळा, आणि बरोबर चिकाचा हलवा. गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा, नव्याच्या सणाला करतात तो, वड्या पाडलेला, फार गोड नाही, तोंडात विरघळतो. नारळाचं दूध का तर मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून ह्यांच्या स्वयंपाकात नारळ सगळीकडे, आणि कोकणात नारळाला काय तोटा. मलिदा मात्र नव्हता, तो एलियाहू हान्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने नवसाला करतात, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं, विकत देण्याची किंवा वॉकमध्ये चाखायची गोष्ट नाही ती, आणि टीचरनी तसं स्पष्ट सांगितलं हे मला आवडलं. सगळंच काही पर्यटकांना वाढायचं नसतं.

टीचरबद्दल जास्त लिहिलेलं त्यांना आवडणार नाही तरी थोडं लिहितेच. त्या अजून दोन घरी जाऊन मुलांना गणित शिकवतात, पैसे घेत नाहीत. समाजातल्या ज्या म्हाताऱ्यांची मुलं इस्रायलला आहेत त्यांना हॉस्पिटलला घेऊन जाणं, पेन्शनचे कागद, बँकेचं केवायसी, दफनभूमीत कोणाच्या बापाची कबर कुठल्या रांगेत ते तिकडनं फोन आला की शोधून फोटो पाठवणं, हे सगळं करतात. वॉकमध्ये सुद्धा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा कुणाच्यातरी गोळ्यांचं. त्या बोलत होत्या रूबेन बाईंबद्दल आणि मी बघत होते त्यांच्याकडे. आपल्याकडे माणूस गेलं की शोकसभा होते, हार घालतात, मोठमोठं बोलतात, जिवंतपणी कोणी विचारत नाही, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतेय.

कुणी जावं? शिक्षकांनी तर नक्की, शाळांनी नववी दहावीच्या मुलांना न्यावं, इतिहासाच्या पुस्तकात हे नाही. अगदी लहान मुलांना नेऊ नका, चालणं बरंच आहे आणि मशीद बंदरच्या गर्दीत त्यांना सांभाळणं अवघड. गुडघे दुखत असतील तर फक्त भायखळा माझगाव एवढं करतो असं आधी सांगा, टीचर समजून घेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, एप्रिल मे मध्ये विचार पण करू नका. सप्टेंबर ऑक्टोबरात त्यांचे सण येतात तेव्हा वॉक बंद असतो. डोकं झाकायला पुरुषांनी टोपी किंवा रुमाल न्या, तिथे किपा म्हणजे त्यांची छोटी टोपी देतात पण ग्रुप मोठा असला तर कमी पडतात. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबायचं आणि फोटोचं प्रत्येक ठिकाणी विचारायचं, नियम वेगवेगळे आहेत. माझगाव संपल्यावर हार्बरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं, परत सीएसएमटीला येत बसू नका.

पाचपैकी साडेचार. क्रम बदलून माझगाव पहिलं केलं की उरलेला अर्धा पण देईन, आणि पुण्याला हुजूरपागा आणि लाल देऊळ म्हणजे तिथलं सिनेगॉग जोडून असाच एक वॉक कोणी सुरू करत असेल तर मला कळवा, मी आमच्या शाळेतल्या सगळ्या बायकांना घेऊन येते.